नक्को म्हणायला शिकताना



मागच्या महिन्यात या सदरात मुलांच्या हातातल्या मोबाइलबद्दल लिहिलं होतं. ते वाचून आपल्यातल्याच एका काकूंनी मला जिन्यात गाठलं आणि विचारलं, "मुलांचं झालं रे, बापाच्या हातातल्या मोबाइलचं काय?" काकू गमतीत म्हणाल्या होत्या. मला मात्र हसून वेळ मारून न्यावी लागली. आजचा लेख म्हणजे त्या प्रश्नाचं उत्तर आहे.

एक गोष्ट आधीच सांगतो. हा लेख पाठवण्याआधी बायकोने वाचलेला आहे. दोन वाक्यं तिने काढायला लावली आणि एक घालायला लावलं. तिची परवानगी नसती तर हा विषय मी घेतलाच नसता.

हैदराबादेत राहून आपल्याला जे काही मिळालं, त्यात "नक्को" हा शब्द फार गोड आहे. मूळ आपलाच "नको". दख्खनीने तो उचलला, मध्ये एक ठसका भरला आणि आता ऑटोवाल्यापासून इराणी चहावाल्यापर्यंत सगळे तो वापरतात. भाजीवाला जास्तीचे टोमॅटो टाकायला लागला की मी लगेच म्हणतो, "नक्को भैया." हा शब्द मला सहज येतो असा माझा समज होता. गेल्या वर्षी कळलं, की जिथे खरी गरज होती तिथे तो माझ्या तोंडून निघत नव्हता.

आमच्या लग्नाला तेव्हा आठ वर्षं झाली होती. थोरली पहिलीत, धाकटा जेमतेम दीड वर्षाचा. तो रात्री तीनदा उठायचा. बायको शाळेत शिकवते; सकाळी सहाला तिचा दिवस सुरू होतो. माझ्या ऑफिसात मोठं रिलीज जवळ आलेलं. रोज रात्री एक-दीडपर्यंत जागरण. आम्हा दोघांमधलं बोलणं म्हणजे याद्या झाल्या होत्या. दूध आणलंस का, फी भरलीस का, डॉक्टरांची वेळ घेतलीस का. भांडण नव्हतं. भांडायलाही वेळ लागतो, तो नव्हता.

त्याच काळात टीममधल्या एका सहकारी बाईंशी माझं बोलणं वाढलं. त्या दुसऱ्या शहरात, मी इथे. सुरुवात कामाची होती. मग रात्री काम संपल्यावर एखादा विनोद, एखादं गाणं, "जेवलास का?" अशी चौकशी. त्यांचा काही दोष होता असं मला म्हणायचं नाही. दार माझ्या घराचं होतं आणि कडी माझ्या हातात होती. त्यांच्याशी बोलताना मी हुशार, मजेदार, समजूतदार माणूस असायचो. घरात मी गॅसचा नंबर लावायला विसरलेला माणूस होतो. त्यातला कोण मला आवडायचा, ते सांगायला नको.

एका रात्री बायको आल्याचा चहा घेऊन माझ्या टेबलापाशी आली. डोळे अर्धे मिटलेले, खांद्यावर धाकट्याचा दुपट्टा. आणि मी पटकन फोन उलटा ठेवला. स्क्रीनवर तसं काहीच नव्हतं. एखाद्याने वाचलं असतं तर म्हणाला असता, यात काय? पण फोन उलटा करणारा हात माझा होता, आणि त्या हाताला माहीत होतं.

पुढच्या आठवड्यात पुण्याला टीमची तीन दिवसांची बैठक ठरली. बाईंचा मेसेज आला: आदल्या संध्याकाळी दोघंच कुठेतरी जेवायला जाऊ या? मी लिहिलं, "नक्की." नक्की आणि नक्को यांत एका स्वराचा फरक आहे, पण तेवढाच मला जड गेला.

मध्ये एक शनिवार होता. नाताळच्या केकसाठी सुका मेवा आधीच भिजवून ठेवावा लागतो, म्हणून दरवर्षी नोव्हेंबरात आम्ही बेगम बाजारला जातो. करंज्या-शंकरपाळ्यांचं सामानही तिथूनच येतं. (हो, मराठी ख्रिस्ती घरांत नाताळला करंज्या होतात. आपली दिवाळी संपते तेव्हा आमचं तळण सुरू होतं.) मुलांना आईकडे सोपवलं आणि मियापूरहून मेट्रोने गांधी भवनला उतरून ऑटो केला. बायकोच्या मांडीवर कापडी पिशवीत माझ्या पणजीचं पितळी पातेलं होतं. नगर जिल्ह्यातून आजीबरोबर आलेलं, चांगलं जाडजूड. आतली कल्हई कधीच गेलेली. त्यात आंबट काही केलं की कळकायचं, म्हणून ते चार वर्षं माळ्यावर पडलं होतं.

बेगम बाजार तुम्हाला नवा नाही. दुसरे असफजाह निजाम अली खान यांच्या बेगमने ही जागा व्यापाऱ्यांना दिली, म्हणून हे नाव, असं सांगतात. अरुंद गल्ल्या, हातगाड्या, मिरचीचा ठसका, बदामाची पोती, आणि पुढे भांड्यांची दुकानं. पितळ, तांबं, स्टील, सगळं छतापर्यंत रचलेलं. तिथे माणसाला जे घरी आहे तेच पुन्हा घ्यावंसं वाटतं, कारण दुकानातलं चमकत असतं.

एका दुकानदाराने आमचं पातेलं हातात घेऊन वजनाचा अंदाज घेतला. "पुराना दे दो मॅडम. वजन करके पैसा काट देतूं, नया स्टील का ले जाओ." मला ते पटलं. मोडीत घालायचं, नवं घ्यायचं, काम संपलं. बायको म्हणाली, "नक्को भैया. कल्हई किधर करते, वो बोलो."

विचारत विचारत आम्ही एका म्हाताऱ्या चाचांपाशी पोचलो. त्यांनी पातेलं आतून बोटाने चाचपलं आणि म्हणाले, "बर्तन में कुछ खराबी नै. कल्हई उतर गई, बस." आधी त्यांनी ते घासून लख्ख केलं. मग भट्टीवर तापवलं, आत नवसागर टाकला, पांढरा धूर झाला. मग कथलाची कांडी फिरवली आणि कापसाच्या बोळ्याने झरझर पुसत नेलं. कथील 232 अंशांना वितळतं. पितळेला त्याच्या कितीतरी पट आच लागते. म्हणून भांडं तसंच राहतं आणि कथील पातळ होऊन त्याला धरतं. दहा मिनिटांत आतून चांदीसारखं पातेलं आमच्या हातात आलं. मला तिथे काही साक्षात्कार वगैरे झाला नाही. धूर डोळ्यांत गेला, एवढंच.

परतीच्या मेट्रोत बायको माझ्या खांद्यावर डोकं टेकून झोपली. पातेलं मांडीवर, दोन्ही हात त्याच्या काठाला धरलेले. खिशात फोन थरथरला. पुण्यातल्या कुठल्याशा हॉटेलचं नाव होतं, आणि खाली "चालेल?" मी बराच वेळ स्क्रीनकडे बघत राहिलो. मग लिहिलं, "नको. मी हे करायला नको होतं. यापुढे फक्त कामाचं बोलू." पाठवलं. खूप मोठं काही केलं असं वाटलं नाही. उलट, इतका छोटा शब्द लिहायला मला चार महिने लागले याची लाज वाटली.

लहानपणी रोज रात्री आमच्या घरी प्रभूची प्रार्थना म्हटली जायची, आजही म्हणतो. त्यात देवाकडे एक मागणं आहे, की आम्हाला मोहात पडण्याची वेळ आणू नको. मराठी बायबलमध्ये तिथे "परीक्षा" हा शब्द आहे. शाळेत असताना मला वाटायचं, ही गणिताच्या पेपराची गोष्ट आहे, आणि मार्च महिन्यात मी ती ओळ जरा मोठ्याने म्हणायचो. आता त्या मागण्यातली गोम लक्षात येते. "परीक्षेत मला पास कर" असं त्यात नाही. परीक्षेलाच बसवू नको, असं आहे. कारण मागणाऱ्याला स्वतःचा भरवसा नाही.

बायबलमध्ये योसेफाची गोष्ट आहे. मालकाच्या बायकोने त्याचं वस्त्र धरलं तेव्हा तो तिच्याशी वाद घालत बसला नाही. वस्त्र तिच्या हातात सोडून पळाला. त्याउलट दावीद राजा: सैन्य लढाईवर गेलेलं, हा घरी, संध्याकाळी गच्चीवर फेऱ्या मारताना शेजारची स्त्री दिसली आणि तो बघत राहिला. पुढे एका निरपराध माणसाचा जीव गेला. पळणारा जिंकला आणि राजा हरला. आपल्याला वाटतं, मोहाशी दात-ओठ खाऊन झुंजायचं असतं. माझा अनुभव असा, की झुंजायची वेळ आली म्हणजे आपण आधीच बऱ्याच पायऱ्या उतरलेलो असतो. आमच्या सॉफ्टवेअरच्या धंद्यातही चूक पहिल्या दिवशी सापडली तर एका ओळीत सुधारते. ग्राहकापर्यंत पोचली की रात्री जातात.

येशूने डोंगरावरच्या प्रवचनात म्हणूनच कृतीच्या आधी नजरेचा हिशोब मागितला आहे. तरुणपणी मला तो फार कडक वाटायचा. आता वाटतं, तो पहिल्या पायरीवरच हात धरतो आहे.

घरी आल्यावर, मुलं झोपल्यावर मी बायकोला सांगितलं. मेसेज दाखवले. मला वाटलं होतं ती विचारेल, कोण आहे, कशी आहे. तिने एकच प्रश्न विचारला. "तिला माझ्याबद्दल काय सांगितलंस?"

मी सांगितलं होतं, की बायको आता हसत नाही. तीन-चार वेळा सांगितलं होतं. तेच मेसेज तिने दोनदा वाचले. मग फोन टेबलावर ठेवला, सरळ, आणि धाकट्याजवळ जाऊन आडवी झाली. पुढचे बारा दिवस ती माझ्याशी फक्त याद्यांपुरतं बोलली. मी पुण्याला गेलो नाही. मॅनेजरला सांगून घरूनच बैठकीला बसलो आणि दुसरं काम मागून घेतलं. कारण फार खोलात सांगितलं नाही. घरचं आहे म्हटलं, आणि ते खरंच होतं.

त्या बारा दिवसांत फोन रात्री बाहेरच्या खोलीत राहायला लागला. झोप येत नव्हती, हाताला काहीतरी हवं होतं. कपाटात लक्ष्मीबाई टिळकांचं "स्मृतिचित्रे" होतं, लग्नात आहेर म्हणून आलेलं. आठ वर्षं मी ते नुसतं पुसत होतो. ते वाचायला घेतलं.

रेव्हरंड टिळकांच्या कविता आपण शाळेत वाचल्या. पण त्यांचा संसार कसला होता! लक्ष्मीबाईंचं लग्न लहानपणी झालेलं. नवरा प्रतिभावान, तापट, एका जागी न टिकणारा, हातातला पैसा दुसऱ्याला देऊन टाकणारा. एका रेल्वे प्रवासात टिळकांना एका गोऱ्या माणसाने नवा करार दिला. त्यातल्या डोंगरावरच्या प्रवचनाने ते हलले. 10 फेब्रुवारी 1895 रोजी मुंबईत त्यांनी बाप्तिस्मा घेतला. लक्ष्मीबाईंवर आभाळ कोसळलं. लहानग्या मुलाला घेऊन त्या नातेवाइकांच्या आधाराने राहिल्या, पंढरपुरातही राहिल्या. चार-पाच वर्षं दोघं वेगळे.

आता यातली एक गोष्ट मला आधी माहीत नव्हती. 1866 सालचा एक कायदा होता. ख्रिस्ती झालेल्या माणसाला त्याच कारणाने जोडीदाराने सोडलं, तर कोर्टात जाऊन ते लग्न रद्द करून घेता येत असे, आणि मग दुसरं लग्न करता येत असे. म्हणजे पातेलं मोडीत घालायची सोय सरकारनेच केलेली होती. टिळक तिशीत होते, माझ्याहून थोडे लहान. त्यांनी दुसरं लग्न केलं नाही. पत्रं लिहीत राहिले, वाट बघत राहिले. शेवटी लक्ष्मीबाई नगरला आल्या, त्याही आपलं सोवळं-ओवळं सांभाळत. त्यांच्यावर कुणी घाई केली म्हणून त्या बदलल्या नाहीत. स्वतःच्या बुद्धीने, स्वतःच्या वेगाने त्यांना जे पटलं ते पटलं, आणि 1900 मध्ये त्यांनीही बाप्तिस्मा घेतला.

मग सगळं गोड झालं का? छे. पुढेही टिळक तसेच राहिले, आणि लक्ष्मीबाईंची जीभही तशीच राहिली. भांडणं, रुसवे, पैशांची ओढाताण, सगळं त्यांनी मिश्किलपणे लिहून ठेवलंय. 1919 मध्ये टिळक गेले. त्यांचं "ख्रिस्तायन" अपुरं राहिलं होतं, आणि ते पुढे नेण्याचं काम कोणी केलं? जिला नवऱ्याने अक्षरओळखीपासून शिकवलं होतं त्या लक्ष्मीबाईंनी. दुसऱ्याचं अर्धं राहिलेलं काम इतकी वर्षं कोण उचलतं? ज्याला ते परकं वाटत नाही तोच.

हे वाचताना मला आमचं लग्न आठवलं. चर्चमध्ये लग्नाच्या वेळी पाळक वधूवरांना जे विचारतात, ते "तुझं हिच्यावर प्रेम आहे का" असं नसतं. "करशील का" असं असतं. भविष्यकाळ. आणि दिवस बरे-वाईट कसेही असोत, त्यासकट. सप्तपदीतही पुढेच पावलं टाकायची असतात, तसंच हे. मी मात्र आठ वर्षांनी "प्रेम वाटतंय का" असं स्वतःला विचारत बसलो होतो आणि उत्तर न आल्यावर दुसरीकडे बघत होतो. प्रश्नच चुकीचा होता.

समाधानाचंही तेच. संत पौलाने तुरुंगातून फिलिप्पैच्या मंडळीला पत्र लिहिलं, त्यात तो म्हणतो, की आहे त्यात समाधानी राहायला मी शिकलो. मला त्यातलं शिकणं महत्त्वाचं वाटतं. म्हणजे त्यालाही ते जन्मजात येत नव्हतं. समाधान हा स्वभाव असता तर माझी सुटका नव्हती. ते शिकता येतं, म्हणून आशा आहे.

तेराव्या दिवशी सकाळी बायको म्हणाली, "मी हसत नाही असं तुला वाटलं, तर ते मला सांगायचं होतंस." मी म्हटलं, "हो." ती म्हणाली, "आणि शेवटचा हसवलास कधी, तेही आठव." मला आठवेना. मग आम्ही दोघंही हसलो. ती जरा कमी.

आता आम्ही काय करतो, ते थोडक्यात. रात्री साडेनऊनंतर दोघांचेही फोन बाहेरच्या खोलीत, रिलीज असो वा नसो. झोपण्याआधी पाच मिनिटं दोघं एकत्र प्रार्थना करतो, मराठीत. ज्याच्यावर रागावलो आहोत त्याच्यासाठी मोठ्याने प्रार्थना करणं फार अवघड असतं. बहुतेक वेळा आधी भांडण मिटवावं लागतं. बायकोबद्दलची तक्रार पहिल्यांदा बायकोकडे, हा तिसरा नियम. आणि महिन्यातून एक शनिवार दोघांचाच. तुमच्या घरी देव्हारा असेल, कुणाकडे काहीच नसेल; ही पाच मिनिटं कुठल्याही घरात बसू शकतात.

एक मात्र स्पष्ट लिहायला हवं. मारहाण, छळ, फसवणूक हे सगळं गिळून बसणं म्हणजे समाधान नाही. त्यासाठी घरातल्यांना सांगा, मदत घ्या, बाहेर पडा. मी बोलतोय ते तुमच्या-आमच्यासारख्या, ज्यांत काही बिघडलेलं नसतं, फक्त कल्हई उतरलेली असते, अशा संसारांबद्दल.

आणि हो, कल्हई एकदाच करून भागत नाही. चाचांनी निघताना सांगितलं होतं, वापर असेल तर वर्ष-दीड वर्षाने परत आणा. यंदाच्या नाताळाआधी आम्ही पुन्हा बेगम बाजारला जाणार आहोत. पातेल्यात परवाच चिंच-गुळाची आमटी झाली. कळकली नाही.

बायकोने घालायला लावलेलं वाक्य शेवटी लिहितो, तिच्याच शब्दांत: "माफ करणं एका दिवसात झालं नाही, आणि मी सगळं विसरले असंही कुणी समजू नये, पण मीही रोज 'करीन' असंच म्हणते."

पुढच्या महिन्यात भेटू. काकू, तुमच्या प्रश्नाचं उत्तर पोचलं ना?